मोठ्या पवनचक्कीचा ड्राइव्हट्रेन कसा निवडावा: गिअरबॉक्स, चुंबक आणि पावसाळ्याचा हिशोब

साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारांवर आणि धुळ्यात साक्रीकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या छोट्या पवनचक्क्या आता थकल्या आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये रिपॉवरिंगचे धोरण आणले, आणि जुन्या यंत्रांच्या जागी ३ मेगावॉटच्या आसपासची यंत्रे बसवायची का, याची चाचपणी सुरू झाली. मालकाच्या टेबलावर तीन माहितीपत्रके येऊन पडतात. एकात लिहिलेले असते, आमच्याकडे गिअरबॉक्सच नाही. दुसऱ्यात, आमचे यंत्र हजारो ठिकाणी चालू आहे. तिसरा सांगतो, दोघांचेही गुण आमच्यात आहेत. तिघेही खरेच बोलतात. मात्र कोणता भाग बिघडला तर क्रेन लागेल आणि ती क्रेन जुलै महिन्यात पठारावर काम करू शकेल का, हे कुणीच आपणहून सांगत नाही.

ड्राइव्हट्रेनची, म्हणजे पात्यांचे फिरणे जनरेटरपर्यंत नेऊन त्याची वीज करणाऱ्या यंत्रणेची, तुलना करताना मी हाच प्रश्न मध्यभागी ठेवतो. कार्यक्षमतेचे आकडे त्यानंतर येतात. पुढचे हिशोब करायला साधा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

पायरी १: फेरे आणि टॉर्क (पीळ, म्हणजे फिरवणारा जोर) काढा

जमिनीवरच्या यंत्रात पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साधारण ८० ते ९० मीटरच्या आत ठेवतात. त्यापुढे आवाज वाढतो आणि पावसाच्या थेंबांनी पात्याची पुढची कड झिजते. टोकाच्या वेगाला अशी मर्यादा आली की रोटरचा, म्हणजे पात्यांच्या चाकाचा, व्यास वाढेल तसे फेरे कमी होणारच.

मिनिटाला फेरे = १९.१ × टोकाचा वेग ÷ रोटरचा व्यास

टॉर्क, किलोन्यूटन-मीटरमध्ये = ९५५० × मेगावॉट ÷ फेरे

१४० मीटर व्यास, ३ मेगावॉट आणि ८० मीटरचा वेग घेतला तर मिनिटाला १०.९ फेरे आणि सुमारे २,६२५ किलोन्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. आता समुद्रातले यंत्र पाहा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली संशोधकांनी तयार केलेल्या १५ मेगावॉटच्या संदर्भ-यंत्राचा व्यास २४० मीटर आहे आणि टोकाचा वेग ९५. तिथे फेरे ७.५६ आणि टॉर्क जवळपास १९,००० किलोन्यूटन-मीटर. शक्ती पाचपट झाली, टॉर्क सातपटीच्या वर गेला. शक्ती व्यासाच्या वर्गाने वाढते आणि टॉर्क घनाने. यंत्रे मोठी होत गेली तशी सगळी अडचण इथेच येऊन थांबली. मोठा रोटर म्हणजे बैलाने ओढलेला उसाचा चरक: फेरे थोडे, पीळ प्रचंड. आणि विजेच्या जनरेटरला नेमके उलटे हवे असते. जनरेटरचे आकारमान ठरते ते टॉर्कवर, शक्तीवर नव्हे.

पायरी २: समोरचे यंत्र कोणत्या घराण्यातले ते ओळखा

पहिले घराणे तीन टप्प्यांच्या गिअरबॉक्सचे. १०.९ फेऱ्यांचे १,५०० करायचे तर गुणोत्तर १३८ च्या आसपास जाते आणि टॉर्क तेवढ्याच पटीने उतरून १९ किलोन्यूटन-मीटर होतो. म्हणून जनरेटर लहान, हलका आणि स्वस्त. त्याच्यासोबत बहुतेक वेळा डीएफआयजी, म्हणजे दुहेरी जोडणीचा इंडक्शन जनरेटर असतो: जनरेटरचा स्थिर भाग, स्टेटर, थेट ग्रिडला आणि त्याचा फिरणारा भाग, रोटर, स्लिप रिंगमधून (फिरत्या भागाला वीज जोडणाऱ्या कड्यांतून) कन्व्हर्टरला, म्हणजे वीज ग्रिडशी जुळवून घेणाऱ्या उपकरणाला. कन्व्हर्टर यंत्राच्या क्षमतेच्या फक्त तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लागतो. ही रचना इतकी वर्षे टिकली त्याचे हे खरे कारण. सुझलॉनचे एस१४४ किंवा आयनॉक्सची यंत्रे याच घराण्यातली.

दुसरे घराणे गिअरबॉक्सविना, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह. एनरकॉनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ई-४० मधून ही वाट रुळवली. तिथे चुंबकत्व तांब्याच्या वेटोळ्यांतून वीज सोडून तयार केले जाई. नंतर कायम चुंबकांची डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रे आली: चीनची गोल्डविंड, समुद्रात सीमेन्स गमेसा आणि जीईचे हॅलिएड-एक्स. भारतात चेन्नईच्या रीजेन पॉवरटेकने जर्मन व्हेन्सिसच्या परवान्यावर १.५ मेगावॉटची अशी यंत्रे बनवली.

गिअरबॉक्स काढला की काय होते ते एका भागाकारात कळते. जनरेटरच्या रोटरच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागावर फिरण्याच्या दिशेने ५० किलोन्यूटनच्या आसपास जोर मिळतो असे धरा. मग टॉर्कला १०० ने भागले की रोटरचे घनफळ घनमीटरमध्ये मिळते. आपल्या ३ मेगावॉटला २६ घनमीटर, म्हणजे साडेचार मीटर व्यास आणि १.६५ मीटर लांबी. १५ मेगावॉटला १९० घनमीटर: दहा मीटर व्यास, अडीच मीटरच्या जवळपास लांबी. एवढ्या मोठ्या चाकाभोवती स्टेटर आणि रोटर यांच्यातली फट व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे दहा मीटरला जेमतेम दहा मिलिमीटर राखायची असते. त्या फटीत दर चौरस मीटरला पंचवीस-तीस टन वजनाइतकी चुंबकीय ओढ दोन्ही पृष्ठभागांना एकमेकांकडे खेचत असते. डायरेक्ट ड्राइव्हमधले बरेचसे पोलाद वीज तयार करायला लागत नाही. ती फट बुजू नये म्हणून ते लागते.

तिसरे घराणे मध्यम वेगाचे. ग्रहीय गिअरचे (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाके असलेल्या गिअरचे) एक किंवा दोन टप्पे, जनरेटरचे फेरे काही शेकड्यांत, कायम चुंबक आणि पूर्ण क्षमतेचा, म्हणजे सगळी वीज ज्यातून जाते असा, कन्व्हर्टर. जर्मनीच्या मल्टिब्रिड एम५००० ने हे ५ मेगावॉटला करून दाखवले. आज वेस्टासचा एन्व्हेंटस वर्ग आणि समुद्रातले १५ मेगावॉटचे व्ही२३६ याच रचनेचे आहेत. डायरेक्ट ड्राइव्हचा झेंडा मिरवणाऱ्या गोल्डविंडनेही पुढे मध्यम वेगाची यंत्रे काढली, तर एनरकॉनने मोठ्या यंत्रांत कायम चुंबक स्वीकारले. बाजार एकीकडे झुकला आहे असे कुणी ठामपणे सांगू लागला तर त्याला एवढी दोन उदाहरणे पुरेत.

वेगवान गिअरबॉक्स आणि पूर्ण कन्व्हर्टर अशी चौथी जोडीही मिळते. तिच्याकडे डीएफआयजीचा भाऊ म्हणून पाहावे. फक्त स्लिप रिंगची कटकट जाते आणि कन्व्हर्टर मोठा होतो.

पायरी ३: भार कुठून कुठे जातो ते नकाशावर बोट ठेवून पाहा

ही पायरी बहुतेक लोक वगळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

रोटरकडून फक्त पीळ येत नाही. वाऱ्याचा दाब, पात्यांचे वजन, वरच्या आणि खालच्या वाऱ्यातल्या फरकामुळे होणारी डोलणी असे सगळे भार येतात. ते टॉवरपर्यंत कुठल्या वाटेने जातात, यावर गिअरबॉक्सचे आयुष्य ठरते. तीन बिंदूंच्या आधारात पुढे रोटरचा शाफ्ट पेलणारे एकच मेन बेअरिंग असते आणि मागचा आधार म्हणजे गिअरबॉक्सचे दोन हात. रचना आखूड आणि स्वस्त होते, पण वाकवणाऱ्या भाराचा काही भाग गिअरबॉक्सच्या अंगातून जातो. चार बिंदूंच्या आधारात दोन मेन बेअरिंग हा भार आधीच उचलतात आणि गिअरबॉक्सकडे जवळपास निव्वळ पीळ पोहोचतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २००७ मध्ये गिअरबॉक्स विश्वासार्हतेचा मोठा प्रकल्प हाती घेतला. तीन बिंदूंच्या आधाराचे ७५० किलोवॉटचे गिअरबॉक्स सेन्सरांनी भरून तपासले गेले आणि बिघाडांचा संग्रहही केला गेला. बहुसंख्य बिघाड दात्यांत सुरू होत नव्हते. ते बेअरिंगमध्ये सुरू होत होते: ग्रहीय टप्प्यात भार असमान वाटला जाई, आणि जनरेटरकडच्या वेगवान शाफ्टच्या बेअरिंगच्या आतल्या कड्याला उभ्या चिरा पडत. म्हणजे 'गिअर तुटतो' ही तक्रार बहुतेकदा मुळात बेअरिंगची असते.

मेन बेअरिंगचेही तसेच. तीन बिंदूंच्या रचनेत दोन ओळींचे गोलाकार रोलर बेअरिंग वापरतात. वाऱ्याचा रेटा सतत मागच्या बाजूला असल्याने मागची ओळ राबते आणि पुढची जवळजवळ रिकामी घसरत राहते. ग्रीसचा थर पातळ होतो, पृष्ठभागावर राखाडी डाग दिसू लागतात, मग खवले सुटतात. म्हणून विक्रेत्याकडे आधार तीन बिंदूंचा की चार, मेन बेअरिंग गोलाकार रोलरचे की शंकूच्या आकाराच्या रोलरचे, आणि ते बदलायला संपूर्ण रोटर उतरवावा लागतो का, असे तीन प्रश्न लेखी विचारा. शेवटचे उत्तर बहुतेक यंत्रांत 'हो' असेच येईल, डायरेक्ट ड्राइव्हमध्येसुद्धा. 'गिअरबॉक्स नाही म्हणजे क्रेन नाही' हा समज तिथेच मोडतो.

पायरी ४: कार्यक्षमतेचे गुण दोनदा देऊ नका

गिअरच्या प्रत्येक टप्प्यात पूर्ण भाराला एक टक्क्याच्या आसपास शक्ती जाते आणि पूर्ण कन्व्हर्टरमध्ये दोन-तीन टक्के. डीएफआयजीत कन्व्हर्टरमधून थोडीच शक्ती वाहते, त्यामुळे तिथे नुकसान कमी. कमी वाऱ्यात चित्र पालटते. गिअरबॉक्सचे तेल ढवळण्याचे नुकसान भार कमी झाला तरी फारसे घटत नाही, शिवाय डीएफआयजीचा वेग ठरावीक मर्यादेखाली उतरत नाही. यंत्र वर्षातला बहुतेक वेळ अर्धवट भारावरच चालते, म्हणून कायम चुंबकाचे डायरेक्ट ड्राइव्ह वर्षाअखेर पुढे निघते.

नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी २००६ मध्ये ३ मेगावॉटच्या पाच रचना शेजारी ठेवून हेच मांडले: सर्वाधिक वीज कायम चुंबकाच्या डायरेक्ट ड्राइव्हची, सर्वात स्वस्त तीन टप्प्यांचा डीएफआयजी. खर्चाच्या तुलनेत वीज मोजली तेव्हा मात्र एका टप्प्याच्या गिअरबॉक्सचा डीएफआयजी पुढे आला, आणि तो नेमका कुणी फारसा बनवला नाही.

आता खाचखळगा. विक्रेता देतो तो पॉवर कर्व्ह (किती वाऱ्याला किती वीज याचा आलेख) विजेच्या बाजूला मोजलेला असतो. गिअरबॉक्स, जनरेटर, कन्व्हर्टर यांची नुकसाने त्यातून आधीच वजा झालेली असतात. त्याच कर्व्हवरून वार्षिक युनिट काढायचे आणि मग वर 'कार्यक्षमता जास्त' म्हणून आणखी गुण द्यायचे, हा दुहेरी हिशोब झाला. एवढेच तपासा की मोजमाप ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडचे आहे की पलीकडचे, आणि तिन्ही प्रस्ताव एकाच बिंदूवर आणा.

पायरी ५: बंद दिवसांची किंमत काढा

३ मेगावॉटचे यंत्र, वार्षिक सीयूएफ (पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळालेली वीज) ३५ टक्के असे गृहीत धरू. वर्षाला सुमारे ९२ लाख युनिट होतात. त्यातला एक टक्का म्हणजे ९२ हजार युनिट.

आता जुलै घ्या. सह्याद्रीच्या पठारावर वर्षाच्या विजेचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबरमध्येच येतो. त्या दिवसांत सीयूएफ ६० टक्के धरला तर एका दिवसाचे ४३,२०० युनिट होतात. वर्षभर एक टक्का जास्त कार्यक्षमता मिळवून जे कमावले, ते पावसाळ्यातल्या दोनहून थोड्या जास्त बंद दिवसांत गेले. गिअरबॉक्स जुलैत बिघडला आणि यंत्र तीस दिवस थांबले, तर तेरा लाख युनिट बुडाले. एक टक्क्याची चौदा वर्षांची बचत.

आणि तीस दिवस हा आशावादी आकडा आहे. १४० मीटर उंचीवरून गिअरबॉक्स उतरवायला सहाशे टनी वर्गातली किंवा त्याहून मोठी क्रॉलर क्रेन लागते. ती सुटे भाग करून ट्रेलरवर ट्रेलर भरून येते, तिला सपाट आणि टणक ओटा हवा असतो, आणि वारा साधारण दहा-बारा मीटर प्रतिसेकंदाच्या वर गेला की नॅसेलवर, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्रखोलीवर, उचल करता येत नाही. रोटर उतरवायचा असेल तर मर्यादा आणखी खाली. जुलैत कास-चाळकेवाडीकडे वारा, धुके आणि पाण्याने फुगलेली माती एकत्र असतात. ज्या वाऱ्यासाठी यंत्र उभे केले, तोच वारा दुरुस्ती अडवतो.

म्हणून प्रत्येक प्रस्तावासाठी एक तक्ता करा. डावीकडे भाग: मेन बेअरिंग, ग्रहीय टप्पा, वेगवान शाफ्ट, जनरेटरचे बेअरिंग, स्टेटरची वाइंडिंग, कन्व्हर्टरचे मॉड्यूल, स्लिप रिंग. समोर तीन रकाने: वरच्या वर दुरुस्त होते, नॅसेलमधल्या छोट्या क्रेनने होते, की मोठी क्रेन लागते. वेगवान शाफ्टची बेअरिंगे आणि जनरेटरची बेअरिंगे बऱ्याच यंत्रांत वरच बदलता येतात. ग्रहीय टप्प्याला बहुधा मोठी क्रेन. डायरेक्ट ड्राइव्हच्या स्टेटरमध्ये एखादी कॉइल जळाली, तर ती जागेवर बदलता येते की आख्खा जनरेटर खाली आणावा लागतो, हे रचनेगणिक वेगळे असते. ते नक्की विचारून घ्या.

पायरी ६: दमट हवा आणि ग्रिड

स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी जमिनीवरच्या दोन हजारांहून जास्त यंत्रांच्या नोंदी तपासल्या. डीएफआयजीचा जनरेटर कायम चुंबकाच्या जनरेटरपेक्षा जास्त वेळा बिघडतो असे निघाले, पण पूर्ण क्षमतेचा कन्व्हर्टर डीएफआयजीच्या कन्व्हर्टरपेक्षा कितीतरी पट जास्त वेळा बिघडतो असेही निघाले. त्रास नाहीसा झाला नाही, दुसऱ्या कपाटात गेला. फरक एवढाच की कपाटातला मॉड्यूल माणूस उचलून नेऊ शकतो.

कन्व्हर्टर का जातो, यावर जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या अभ्यासात दमटपणाकडे बोट दाखवले गेले. आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. पावसात फीडर जातो, यंत्र थंड पडते, कपाटातला हीटरही बंद होतो, आत दव जमते. वीज आली की यंत्र ताबडतोब चालू केले जाते आणि मॉड्यूल फुटतो. कपाट आधी वाळवून मगच कन्व्हर्टरला वीज देणारी व्यवस्था प्रणालीत आहे का, हे लेखी घ्या.

डीएफआयजी घेत असाल तर स्लिप रिंगचा कप्पा उघडून पाहा. कार्बन ब्रश झिजून बारीक काळी पूड तयार होते आणि फिल्टर तुंबला की ती इन्सुलेटरवर बसते. कोरड्या उन्हाळ्यात ती निरुपद्रवी वाटते. पहिल्या दमट आठवड्यात तीच वीज वाहून नेणारा लेप बनते आणि अर्थ फॉल्ट येऊ लागतात. मे अखेर ब्रशची लांबी मोजणे, पूड व्हॅक्यूमने काढणे आणि इन्सुलेशन रेझिस्टन्स घेणे, एवढ्याने पुष्कळ फॉल्ट टळतात.

ग्रिडचे थोडक्यात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमानुसार व्होल्टेज कोसळून नेहमीच्या १५ टक्क्यांवर आले तरी यंत्राने ३०० मिलिसेकंद जोडलेले राहायला हवे. पूर्ण कन्व्हर्टर यंत्राला ग्रिडपासून वेगळे ठेवतो, म्हणून त्याला हे सोपे जाते. डीएफआयजीचा स्टेटर थेट ग्रिडवर असतो, त्यामुळे प्रत्येक झटक्याचा पीळ शाफ्टमधून गिअरबॉक्सकडे परततो. आधुनिक डीएफआयजी नियम पाळतात. पण तुमचा ३३ केव्ही फीडर दिवसातून अनेकदा ट्रिप होत असेल, तर गिअरबॉक्सला त्याची किंमत मोजावी लागते.

पायरी ७: चुंबक आणि रस्ता

कायम चुंबकाच्या डायरेक्ट ड्राइव्हला दर मेगावॉटला सहाशे किलोच्या आसपास निओडिमियमचे चुंबक लागतात, मध्यम वेगाला त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, डीएफआयजीला शून्य. हे चुंबक बहुतांश चीनमध्ये बनतात. २०११ मध्ये त्यांच्या किमती भडकल्या होत्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. चुंबकाने उष्णतेत ताकद गमावू नये म्हणून हेच दोन घटक त्यात मिसळतात. जनरेटर बदलायची वेळ आली तर तो किती महिन्यांत मिळेल, हे विचारताना हा संदर्भ डोक्यात ठेवा. गिअरबॉक्सच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. कोइंबतूर आणि चेन्नईच्या पट्ट्यात पवनचक्कीचे गिअरबॉक्स बनतात.

रस्त्याबद्दल इतकेच: पाते लांब असले तरी वळणावर उचलून फिरवता येते. पाच मीटर रुंदीचा जनरेटर अरुंद घाटात कसाही फिरवला तरी पाच मीटरच राहतो.

पायरी ८: निर्णय आणि करार

माझे मत सांगतो. सह्याद्रीच्या पठारावर ३ मेगावॉटच्या वर्गात मी चार बिंदूंच्या आधाराचा डीएफआयजी निवडेन, जवळ दुरुस्तीचे केंद्र आणि देशात सुटा गिअरबॉक्स असेल तर. ग्रिड फार कमकुवत असेल तर वेगवान गिअरबॉक्ससोबत पूर्ण कन्व्हर्टर. पाच-सहा मेगावॉटच्या पुढे मध्यम वेगाची रचना पटते, कारण सर्वाधिक कुरकुरणारा वेगवान टप्पा तिथे नसतो. डायरेक्ट ड्राइव्हचे खरे घर समुद्र आहे. तिथे जहाजावरच्या क्रेनचा एक दिवसच इतका महाग असतो की बिघाडांची संख्या कमी करणे परवडते. अर्थात तिथेही वेस्टास मध्यम वेगावर ठाम आहे.

करारात 'उपलब्धता ९७ टक्के' हे वाक्य दिसले की थांबा. वेळेवर मोजलेली ९७ टक्के उपलब्धता विक्रेत्याला वर्षाला अकरा दिवस बंद राहायची मुभा देते. ते अकरा दिवस जुलैत आले, तर आपल्या उदाहरणात पावणेपाच लाख युनिट, म्हणजे वर्षाच्या पाच टक्क्यांहून जास्त वीज गेली आणि दंड शून्य. उपलब्धता ऊर्जेवर मोजा, किंवा जून ते सप्टेंबरची हमी वेगळी लिहून घ्या.

त्यासोबत कंपनाच्या सेन्सरची आणि तेलातल्या धातूकणांची नोंद मालकाला थेट मिळेल, असे कलम घाला. वॉरंटी संपण्याआधीची बोअरस्कोप तपासणी (आत बारीक कॅमेरा घालून पाहणी) डिसेंबर-जानेवारीत लावा, मग वॉरंटीची तारीख ऑगस्टची असली तरी. बेअरिंगच्या कड्यावर चीर सापडली तर क्रेन ठरवून, रस्ता करून, मेच्या मध्यापर्यंत काम आटोपायला तेवढाच वेळ हाती उरतो.